क्षयाची नोंदवही : न्यूयॉर्कची लोअर ईस्ट साइड, १८८९ ते १९३४

जानेवारी १८९७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळाने फुफ्फुसाचा क्षय हा संसर्गजन्य आणि सार्वजनिक आरोग्याला घातक रोग असल्याचे जाहीर केले. क्षयाचा रोगी आढळला की त्याचे नाव आणि पत्ता आरोग्य खात्याला कळवणे शहरातल्या प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक झाले. देवी, पटकी, घटसर्प यांच्या बाबतीत अशी सक्ती लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. पण ते रोग काही दिवसांत किंवा आठवड्यांत माणसाला सोडून तरी जात, नाहीतर घेऊन तरी जात. क्षय वर्षानुवर्षे रेंगाळे. रोगी कामाला जाई, लग्न करी, मुले वाढवी, बिऱ्हाड बदली. त्याची नोंद ठेवायची म्हणजे हजारो कुटुंबांचा कित्येक वर्षांचा हिशेब ठेवणे आले. हा हिशेब मांडायला निघालेल्या खात्याजवळ रोगावर देण्याजोगे औषध मात्र एकही नव्हते. पहिले गुणकारी औषध हाती यायला अजून जवळजवळ अर्धशतक अवकाश होता.

या नोंदवहीची सर्वांत जाड पाने भरली ती लोअर ईस्ट साइडच्या नावाने. मॅनहॅटन बेटाच्या आग्नेय टोकाचा हा कामकऱ्यांचा भाग. आधी आयरिश आणि जर्मन लोक येथे उतरले. १८८० नंतर रशिया-पोलंडकडचे ज्यू आणि दक्षिण इटलीतले शेतकरी बोटी भरभरून आले. जमिनीचे तुकडे पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल. त्यांवर पाच-सहा मजल्यांच्या भाड्याच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या. १८७९ च्या कायद्याने प्रत्येक खोलीला खिडकी हवी असे बजावले, तेव्हा बिल्डरांनी इमारतींच्या मध्यभागी चिंचोळी फट ठेवून खिडक्या तिच्यात उघडल्या. कायदा पाळला गेला. पण त्या फटीतून खालच्या मजल्यांना ना उजेड मिळे ना वारा. वरून टाकलेला केरकचरा तेवढा तळाशी साचे. त्याआधीच्या इमारतींत तर आतल्या खोल्यांना खिडकीच नव्हती. १९०१ च्या नव्या कायद्यानंतर नेमलेल्या गृहविभागाने मोजणी केली, तेव्हा शहरात अशा अंधाऱ्या खोल्या साडेतीन लाखांहून अधिक निघाल्या.

या गर्दीला जगात तोड कोठे आहे, याचा शोध १८९४ मध्ये एका सरकारी समितीने घेतला. तिला मुंबई आठवली. १८८१ च्या जनगणनेनुसार मुंबईतल्या सेहेचाळीस एकरांच्या एका भागात एकरी सुमारे ७६० माणसे राहत. न्यूयॉर्कच्या अकराव्या वॉर्डातल्या बत्तीस एकरांच्या एका पट्ट्यात ती एकरी ९८६ भरली. मुंबईत लोक बसक्या चाळींत राहत आणि येथे सहा मजल्यांवर, हा फरक जमेस धरला तरी आकडा छाती दडपवणारा आहे. शिवाय या खोल्या नुसत्या राहण्याच्या नव्हत्या. त्यांतच विजारी शिवल्या जात, सिगार वळले जात, कागदी फुले बनत. शिंपी, त्याची बायको, दोन कारागीर आणि रात्रीपुरता अंथरुणाचे भाडे देणारा एखादा पोटभाडेकरू एकाच हवेत श्वास घेत. ज्यूंच्या वस्तीत क्षयाला शिंप्यांचा रोग म्हणत, ते उगाच नव्हे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. तरीही अमेरिकेतल्या बहुतेक डॉक्टरांच्या मनात क्षय हा घराण्यात चालत आलेला, प्रकृतीच्या नाजूकपणाचा रोगच राहिला. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याचे सल्लागार हर्मन बिग्ज, टी. मिचेल प्रडन आणि हेन्री लूमिस यांनी एक छोटा अहवाल सादर केला. क्षय आनुवंशिक नाही, तो एकाकडून दुसऱ्याला होतो आणि म्हणून टाळता येतो, एवढेच त्याचे सार. खात्याने शहरातल्या नामवंत डॉक्टरांचे मत मागवले, तर बहुतेकांनी नाके मुरडली. मग नोंदणीचा विचार बाजूला पडला आणि लोकांना सूचना देणारी पत्रके छापून वाटण्यावर भागवले गेले.

बिग्ज यांनी वाट पाहिली. १८९२ मध्ये युरोपातून येणाऱ्या बोटींबरोबर पटकीची धास्ती आली आणि तिच्या जोरावर त्यांनी खात्यात जंतुशास्त्राचा स्वतंत्र विभाग मिळवला. ज्या काळी कित्येक वैद्यकीय महाविद्यालयांत धड सूक्ष्मदर्शक नव्हते, त्या काळी एका नगरपालिकेने स्वतःची प्रयोगशाळा थाटली, ही गोष्ट साधी नव्हती. आधी घटसर्पाची तपासणी सुरू झाली आणि १८९४ मध्ये क्षयाची. त्याच वर्षी सार्वजनिक रुग्णालयांना आणि धर्मादाय संस्थांना क्षयरोग्यांची नावे कळवण्याची सक्ती झाली. खाजगी डॉक्टरांना मात्र नुसती विनंती केली गेली.

त्या विनंतीच्या जोडीला बिग्ज यांनी एक आमिष ठेवले, आणि साऱ्या योजनेची खरी खुबी त्यातच होती. कोणत्याही डॉक्टरने रोग्याचा बेडका पाठवावा, खाते तो फुकट तपासून देईल. शहरातल्या ठरावीक औषधदुकानांत रुंद तोंडाच्या बाटल्या आणि छापील कागद ठेवलेले असत. डॉक्टरने बाटली न्यायची, सकाळच्या खोकल्याबरोबर पडलेला घट्ट बेडका तीत घ्यायचा, कागदावर रोग्याचे नाव, वय, धंदा आणि पत्ता लिहायचा आणि बाटली दुकानात परत आणून द्यायची. खात्याचा माणूस बाटल्या गोळा करून नेई. प्रयोगशाळेत बेडक्याचा पिवळट कण काचपट्टीवर पसरत, ज्योतीवर सुकवत, तांबडा रंग चढवून गरम करत, मग आम्लाने धूत. बाकी सारे आम्लाने रंग सोडते, क्षयाचा जंतू सोडत नाही. वरून निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या उठून दिसत. निकाल डॉक्टरला कळवला जाई. पण तपासणीसाठी कागद भरताना त्याने नाव-पत्ता देऊन टाकलेला असे. तपासणी मागितली की नोंदणी आपसूक होई.

१८९७ मध्ये विनंतीची सक्ती झाली आणि वैद्यक मंडळी खवळली. न्यूयॉर्कची वैद्यक अकादमी आणि जिल्ह्याची वैद्यक संस्था दोन्ही विरोधात गेल्या. आरोग्य खात्याचा हा अधिकार काढून घेण्यासाठी ऑल्बनीला राज्याच्या विधिमंडळात हालचाली झाल्या, त्या फसल्या. विरोधाची कारणे निव्वळ खोडसाळ नव्हती. रोग्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सरकारला कळवायची, हे डॉक्टरांना व्यवसायधर्माविरुद्ध वाटे. फुकट तपासणीने आपली गिऱ्हाइके खाते पळवील, ही भीतीही होतीच. ती मोठ्याने बोलून दाखवली जात नसे इतकेच. रोग्यांची भीती अधिक खरी होती. क्षयी म्हणून नाव झाले की काम जाई. आठवड्याला पाच-दहा सेंट भरून घेतलेली विम्याची पॉलिसी रद्द होई, आणि ती तर प्रेतसंस्काराच्या खर्चासाठी घेतलेली असे. म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर पुष्कळदा श्वासनलिकादाह किंवा न्यूमोनिया असे काहीतरी लिहिले जाई. त्यात परदेशातून आलेल्यांना हद्दपारीची धास्ती. १९०७ च्या कायद्याने तर क्षयरोग्यांना अमेरिकेत प्रवेशच नाकारला. अशा लोकांनी नाव एक आणि पत्ता भलताच सांगितला, तर नवल नाही.

बिग्ज यांनी तडजोड केली, आणि तिने पुढे सगळ्या कामाला विशिष्ट वळण दिले. खाजगी डॉक्टरच्या हाताखाली असलेल्या रोग्याचे नाव नोंदवले जाई, पण डॉक्टरने नको म्हटले तर खात्याचा निरीक्षक त्याच्या घरी जात नसे. ज्याला खाजगी डॉक्टर परवडत नाही, त्याच्याच दाराशी निरीक्षक येई. श्रीमंतांच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा क्षय कागदावर राहिला आणि गरिबांच्या चेरी स्ट्रीटवरच्या क्षयाचा दरवाजा ठोठावला गेला. लोकशाही देशातही आरोग्याचे उपाय कधीकधी हुकूमशाही थाटाचे असतात, असे बिग्ज १८९७ मध्ये मॉन्ट्रियलच्या वैद्यक परिषदेत अभिमानाने सांगत होते. ही हुकूमशाही कोणत्या रस्त्यांवर चालत होती, हे त्यांनी सांगितले नाही.

प्रत्येक रोग्याचे एक कार्ड असे आणि कार्डांवरून नकाशे बनत. रस्ते, गल्ल्या, एकेक इमारत दाखवणाऱ्या मोठ्या नकाशावर प्रत्येक रोग्यासाठी एक खूण. काही इमारतींवर खुणांची इतकी गर्दी होई की घराची रेघ दिसेनाशी व्हावी. शेजारची दुसरी इमारत मात्र कोरी. क्षय सबंध वस्तीवर सारखा पसरलेला नाही, तो ठरावीक घरांत मुक्काम करून आहे, हे या नकाशांनी डोळ्यांना दाखवले.

त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध ठिपका म्हणजे चेरी, कॅथरिन, हॅमिल्टन आणि मार्केट या चार रस्त्यांमधला इमारतींचा चौकोन. त्याला ‘लंग ब्लॉक’ म्हणजे फुफ्फुसांचा चौकोन असे नाव पडले. १९०३ मध्ये अर्नेस्ट पूल या तरुण लेखकाने त्याच्यावर एक पुस्तिका लिहिली. पूल त्या वेळी वस्तीतल्याच एका सेवाकेंद्रात राहत. दारोदार हिंडून आणि खात्याच्या नोंदी धुंडाळून त्यांनी मांडले की जेमतेम चार हजार वस्तीच्या या चौकोनातून नऊ वर्षांत २६५ क्षयरोगी नोंदले गेले आहेत, आणि आसपासचे डॉक्टर व औषधविक्रेते म्हणतात की खरा आकडा दुप्पट असेल.

तेथल्या ‘इंक पॉट’ म्हणजे शाईची दौत असे टोपणनाव पडलेल्या एका इमारतीतली एक खोली पूल यांनी तपशिलाने सांगितली आहे. तिसरा मजला, अंगणाकडे तोंड, मागे दोन कपाटाएवढ्या कोठड्या. १८९४ मध्ये तेथे राहणाऱ्या एका आंधळ्या स्कॉटिश माणसाला क्षय झाला आणि तो रुग्णालयात मेला. काही महिन्यांनी त्याची लहान मुलगी त्याच रोगाने गेली. बायको आणि मुलगा खोली सोडून गेले. पुढे बायको आणि तान्हे मूल घेऊन एक ज्यू भाडेकरू आला. पुढल्या उन्हाळ्यात त्याला रोगाने गाठले. त्याच्यामागून एक जर्मन जोडपे आले. त्यातली बाई आधीच क्षयी होती, ती वारली. मग आयरिश कुटुंब. बाप कष्टाळू आणि निर्व्यसनी. सहा महिन्यांत त्यालाही खोकला लागला आणि १९०१ मध्ये तो मेला. चार वेगवेगळ्या समाजांची चार बिऱ्हाडे, कोणाचे कोणाशी नाते नाही. क्षय घराण्यात चालतो असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते देता आले असते! जंतू भिंतींत आणि धुळीत वर्षानुवर्षे टिकून नव्या माणसाला धरतात, असे पूल आणि त्यांच्या पिढीचे पक्के मत होते. क्षय मुख्यतः खोकणाऱ्या माणसाच्या श्वासातून, बंद हवेतून पसरतो, हे पुढे कळले. त्या खोलीत राहणाऱ्यांना जिने-अंगण एकच होते, शेजारीही तेच होते आणि ऊन कोणाच्याच वाट्याला नव्हते.

भिंतीवरच्या या समजुतीतून खात्याची एक ठळक रीत निघाली. रोगी मेला किंवा घर सोडून गेला की दारावर नोटीस डकवली जाई. खोली धुऊन, चुना किंवा रंग देऊन, लागेल तेथे गिलावा नव्याने करून घेतल्याशिवाय घरमालकाने ती भाड्याने द्यायची नाही. घरमालक चरफडत. नोटीस फाडून दुसऱ्या दिवशी नवे बिऱ्हाड आणून बसवणारेही होते. क्षयाचा प्रसार या रंगरंगोटीने फारसा रोखला गेला नसेल. पण काही हजार खोल्यांना कित्येक वर्षांत प्रथमच चुन्याचा हात लागला, एवढे खरे.

रोगी जिवंत असेपर्यंत निरीक्षकाचे काम उपदेशाचे होते. इंग्रजी, जर्मन, इटालियन, यिडिश अशा भाषांतली पत्रके तो हातात ठेवी. कोठेही थुंकू नये, पुठ्ठ्याच्या पेल्यात किंवा कागदात थुंकून तो जाळावा, भांडी वेगळी ठेवावीत, वेगळे निजावे. सार्वजनिक ठिकाणी थुंकण्याला १८९६ मध्येच बंदी झाली होती आणि ट्रॅममधून तशा पाट्या लागल्या होत्या. वेगळे निजण्याची सूचना दोन खोल्यांत आठ जण राहणाऱ्या घराला दिली जात होती.

या उपदेशाला माणसाचा चेहरा दिला तो परिचारिकांनी. लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये वस्तीतच बिऱ्हाड केले आणि पुढे हेन्री स्ट्रीटवर परिचारिकांचे केंद्र उभे राहिले. खात्याकडे नोंदलेल्या रोग्यांची नावे घेऊन या बायका थुंकीचे पेले आणि जंतुनाशके पिशवीत टाकून घरोघर जाऊ लागल्या. जिने चढण-उतरण्याचा वेळ वाचावा म्हणून त्या एका गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जात. नाव आले की अंथरूण-पांघरूण, दूध, भाडे, मुलांची शाळा सारेच त्यांच्या अंगावर येई. काळ्या वस्तीत तर या कामाला कोणी फिरकतच नसे. तेथे १९०० मध्ये धर्मादाय संघटन संस्थेने जेसी स्लीट या काळ्या परिचारिकेला नेमले. आरंभी थोड्या दिवसांसाठी प्रयोग म्हणून झालेली ही नेमणूक तिच्या कामामुळे कायम झाली. १९०३ पासून आरोग्य खात्यानेच क्षयासाठी पगारी परिचारिका घेतल्या. निरीक्षक डॉक्टर दारातून विचारपूस करून जाई. नर्स मात्र चुलीजवळ बसून बोले, आणि बदललेला पत्ता शेजारणीकडून तिलाच कळे. विमा कंपन्यांनाही याचे महत्त्व पटले. क्षयी म्हणताच हात झटकणाऱ्या या धंद्यातल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या बड्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या गरीब विमेदारांकडे हेन्री स्ट्रीटच्याच परिचारिका पाठवायला सुरुवात केली. विमेदार जितका जास्त जगेल तितके हप्ते जास्त, हे साधे गणित त्यामागे होते.

१९०४ मध्ये खात्याने क्षयाचा पहिला स्वतंत्र दवाखाना काढला. ही कल्पना स्कॉटलंडची. एडिंबरोत रॉबर्ट फिलिप यांनी १८८७ मध्ये असा दवाखाना सुरू केला होता आणि रोग्याबरोबर घरातल्या सर्वांना तपासायची रीत पाडली होती. न्यूयॉर्कमध्ये मात्र खाते, रुग्णालये, धर्मादाय संस्था असे अनेकांचे दवाखाने झाले. रोगी एका ठिकाणी दूध-अंडी घेई, दुसऱ्या ठिकाणी कॉडलिव्हर तेल आणि तिसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच नावाने दाखल होई. १९०७ नंतर दवाखान्यांची एक संघटना झाली आणि तिने शहराची वाटणी केली. प्रत्येक दवाखान्याला हद्द ठरली. रोग्याने आपल्या हद्दीतच जायचे; हद्द ओलांडून आला तर त्याला कार्डासकट त्याच्या दवाखान्यात पाठवायचे. तो आठवडाभर फिरकला नाही तर नर्स घरी जाई. एका माणसाचे एकच कार्ड असावे, या साध्या गोष्टीसाठी बारा-तेरा वर्षे लागली.

दवाखान्यात मिळे ते उपचार म्हणजे क्रिओसोट, कॉडलिव्हर तेल, खोकल्याचे चाटण, दूध, अंडी आणि मोकळ्या हवेचा सल्ला. छाती ठोकून आणि नळीने ऐकून डॉक्टर रोगाची पायरी ठरवी. विश्रांती, सकस अन्न आणि हवा यांवर त्या काळच्या वैद्यकाची सारी भिस्त होती, आणि या वस्तीत नेमक्या त्या तीनच गोष्टी विकत घेता येत नसत. म्हणून मोडीत निघालेल्या फेरीबोटी कामी आल्या. १९०८ पासून बेलव्ह्यू रुग्णालयाच्या वतीने ईस्ट नदीत ‘साउथफील्ड’ नावाची जुनी बोट धक्क्याला बांधून ठेवली होती. रोगी सकाळी बोटीवर येत, दिवसभर घोंगड्यांत गुंडाळून आरामखुर्च्यांवर पडून राहत, दूध-अंडी घेत आणि संध्याकाळी पुन्हा आपल्या अंधाऱ्या खोलीत निजायला जात. मुलांसाठी बोटीवरच शाळा भरे. हिवाळ्यातही ती उघड्यावर भरे. घरच हवेशीर करावे असाही एक प्रयोग झाला. डॉ. हेन्री शाइव्हली यांच्या सांगण्यावरून अॅन व्हँडरबिल्ट यांनी दहा लाख डॉलर घातले आणि १९१२ च्या सुमारास नदीकाठी सत्त्याहत्तराव्या रस्त्याजवळ क्षयी कुटुंबांसाठी इमारती उभ्या राहिल्या. खोलीबाहेर सज्जा, मोठाल्या खिडक्या, उघडे जिने आणि दम लागला तर टेकायला जिन्याच्या वळणावर बाके. इमारती आजही उभ्या आहेत. क्षयरोग्यांची घरे म्हणून मात्र त्या पंधरा वर्षेही चालल्या नाहीत.

शहराबाहेरचे उपचार रोगाच्या पायरीप्रमाणे आणि खिशाप्रमाणे वाटलेले होते. एडवर्ड ट्रूडो यांनी १८८४-८५ मध्ये सॅरनॅक लेकच्या डोंगरात काढलेले आरोग्यधाम प्रसिद्ध होते, पण तेथल्या जागा मोजक्या. १९०६ मध्ये शहराने ऑटिसव्हिल येथे स्वतःचे आरोग्यधाम सुरू केले. ते मुख्यतः रोग नुकताच लागलेल्यांसाठी. कमावत्या शिंप्याने थोडा ताप येतो म्हणून सहा महिने काम सोडून डोंगरात जायचे, तर मागे बायकामुलांनी खायचे काय? म्हणून तो जाई तेव्हा बहुधा उशीर झालेला असे. रोग बळावलेल्यांसाठी ब्लॅकवेल्स बेटावरचे रुग्णालय होते. तेथे जाणे म्हणजे मरायला जाणे, असा वस्तीत समज होता. १९१३ मध्ये स्टेटन बेटावर सी व्ह्यू हे प्रचंड रुग्णालय झाले. तेथपासून वस्तीतले घर एवढे लांब की भेटीला जाण्यात सुट्टीचा दिवस संपे.

जे सांगितलेले ऐकत नाहीत, वाटेल तेथे थुंकतात, दवाखान्याला दाद देत नाहीत, अशांसाठी नॉर्थ ब्रदर बेटावरचे रिव्हरसाइड रुग्णालय होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे क्षयरोग्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवण्यात येऊ लागले. ‘टायफॉइड मेरी’ म्हणून ओळखली गेलेली मेरी मॅलन याच बेटावर डांबलेली होती. येथे पाठवले जाणारे बहुतेक फिरते मजूर, दारुडे, बेघर. ज्याला घर आहे आणि ज्याचे कोणी बोलणारे आहे, त्याला बेटाची बोट सहसा दाखवली जात नसे.

हा सारा व्याप सरकारी खात्याने एकट्याने चालवला नाही. १९०२ मध्ये धर्मादाय संघटन संस्थेने क्षयप्रतिबंधक समिती नेमली. १९०८ च्या अखेरीस नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात क्षयाचे प्रदर्शन भरले आणि अंधाऱ्या खोलीच्या हुबेहूब प्रतिकृती पाहायला लाखो लोक लोटले. त्यांतले कित्येक तशाच खोलीतून उठून आले असतील. शिवणकामगारांनी स्वतःची वाट काढली. १९१० च्या मोठ्या संपानंतर मालक आणि संघटना यांचे संयुक्त स्वच्छता मंडळ झाले. डॉ. जॉर्ज प्राइस यांच्या देखरेखीखाली ते कारखान्यांतली हवा, उजेड आणि कामगारांची फुफ्फुसे तपासू लागले. क्षयी सभासदाला आरोग्यधामात पाठवून त्याच्या घरी थोडेफार पैसे देण्याची सोय काही संघटनांनी केली. रोगी उपचाराला का जात नाही, हे कळायला त्यांना सर्वेक्षण करावे लागले नाही.

१९०१ मध्ये लंडनच्या क्षयपरिषदेत खुद्द कॉख यांनी न्यूयॉर्कचा दाखला दिला. १८८६ पासून तेथले क्षयाचे मृत्यू ३५ टक्क्यांहून अधिक घटले, याचे श्रेय त्यांनी बिग्ज यांच्या पद्धतीला दिले. मृत्यू घटले हे खरे आणि पुढेही ते घटतच गेले. पण १८८६ मध्ये ना नोंदणी होती, ना नर्स, ना दवाखाना. उतरण आधीच लागली होती. नोंदणी नसलेल्या शहरांतही ती दिसत होती. मजुरी, अन्न आणि घरे सुधारल्याने रोग हटला, की संसर्ग पसरवणारे रोगी रुग्णालयांत हलवल्याने, हा वाद इतिहासकारांत अजून मिटलेला नाही. त्यातच एक कोडे असे की भयंकर दाटीत राहूनही या वस्तीतले ज्यू आयरिश शेजाऱ्यांपेक्षा क्षयाने कितीतरी कमी मरत. युरोपातल्या शहरी ज्यू वस्त्यांतून पिढ्यानपिढ्या रोगाशी झालेली झटापट, दारूचे कमी प्रमाण, आपसांतल्या मदतसंस्था अशी अनेक कारणे पुढे आली. एकही पुरे पडले नाही. नोंदवहीचे यश मृत्यूच्या आकड्यापेक्षा दुसरीकडे शोधावे लागते. तिच्यामुळे रोग कोठे आहे हे कळले, आणि खिडकीचा कायदा करणाऱ्यांना, उद्यान मागणाऱ्यांना, संप करणाऱ्यांना हाती धरायला पुरावा मिळाला.

लंग ब्लॉकबाबत तो पुरावा लगेच उपयोगी पडला नाही. तिथल्या इमारती पाडून उद्यान करावे, ही मागणी पूल यांच्या पुस्तिकेनंतर जोरात आली. मग नगरपालिकेत सत्ताबदल झाला आणि मागणी बारगळली. पुढची तीस वर्षे लोक तेथेच राहिले. अखेर मंदीच्या काळात फ्रेड फ्रेंच या बिल्डरने सरकारी कर्ज घेऊन ती जागा साफ केली आणि १९३४ मध्ये निकरबॉकर व्हिलेज ही नवी वसाहत उभी राहिली. उजेड-वारा भरपूर, भाडे मात्र जुन्या रहिवाशांना न झेपणारे. त्यांतले बहुतेक जवळपासच्या तसल्याच जुन्या इमारतींत पांगले आणि त्यांची कार्डे नव्या पत्त्यांखाली गेली.

पुढे औषधे आली, आणि त्यांतले एक याच शहराच्या सी व्ह्यू रुग्णालयातून गाजले. गोऱ्या परिचारिकांनी पाठ फिरवल्यावर दक्षिणेकडून आणलेल्या काळ्या परिचारिकांनी ते रुग्णालय चालवले होते. एडवर्ड रॉबिट्झेक आणि आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी तेथे आयसोनियाझिडच्या चाचण्या घेतल्या आणि १९५२ मध्ये उठून नाचणाऱ्या रोग्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. आता नोंदवहीची गरज काय, असे वाटून पुढे खर्च कापला गेला. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुन्हा ३,८०० च्या वर क्षयरोगी नोंदले गेले. त्यांतले कित्येक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे होते. गोळी आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत घ्यायची आणि प्रत्येक रोग्याचा पत्ता शेवटपर्यंत सोडायचा नाही, या मार्गाने ती साथ आटोक्यात आणणारे थॉमस फ्रीडन १९९६ मध्ये भारतात आले आणि येथल्या सुधारित क्षय कार्यक्रमाच्या उभारणीत त्यांनी काम केले. खाजगी डॉक्टरांनी क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळवलाच पाहिजे, असा आदेश भारतात मे २०१२ मध्ये निघाला.